पुण्यातल्या सोसायट्यांच्या समित्यांना: यंदा पावसाआधी कुंपणाकडेचा एक पट्टा देशी झाडांना द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सर्व गृहनिर्माण सोसायट्या

सप्रेम नमस्कार.

सध्या बहुतेक सोसायट्यांमध्ये बागेच्या कंत्राटाचं नूतनीकरण चालू असेल. कंत्राटाचा मसुदा सगळीकडे जवळपास सारखाच असतो: ठरावीक दिवसांनी कीटकनाशकाची फवारणी, गवतावर तणनाशक, हेजची कापणी, लॉनला खत आणि रोजच्या रोज पालापाचोळा उचलून कचरागाडीत. त्या कागदावर सही करण्याआधी हे पत्र समितीच्या बैठकीत एकदा वाचून दाखवावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्या आवारात काय लावलेलं असतं ते आठवून पाहा. गेटपाशी बॉटल पाम नाहीतर फॉक्सटेल पाम. भिंतीलगत झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस. वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पानांचा डुरांटा, मध्ये क्रोटन आणि सायकस, उरलेल्या जागेत लॉन. बिल्डरने ताबा दिला तेव्हापासून तेच चालू आहे. नवीन फ्लॅट पाहायला येणाऱ्याला ते नीटनेटकं दिसतं हे मला मान्य आहे. पण या बागेत महिनोन्‌महिने एखादं पान कुरतडलेलं दिसत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. ज्या बागेतलं पान कुणी खात नाही, तिथे कुणी जगतही नाही.

आमच्या सोसायटीत तगरीची रांग आहे. पाऊस सुरू झाला की तिच्यावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसू लागतात. डोक्याच्या जरा मागे दोन निळे डोळे असतात, पांढरट कडेचे. ते खरे डोळे नव्हेत. अळीला हात लावला तर ती मान आत ओढते, पुढचा भाग फुगतो आणि ते ठिपके वटारल्यासारखे मोठे होतात. पक्षी दचकावा म्हणून ही सोय. शेपटाकडे एक छोटं पिवळसर शिंग असतं. अंगभर इतका नेमका पानाचा रंग की जमिनीवर पडलेल्या काळ्या लेंड्यांवरूनच ती वर कुठे आहे ते शोधावं लागतं. पोटभर पानं खाल्ली की तिचा रंग बदलून मातकट तपकिरी होतो, ती झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात शिरून कोष करते. काही दिवसांनी त्यातून हिरव्या-गुलाबी नक्षीचा मोठा पतंग बाहेर पडतो. इंग्रजीत त्याला ऑलिएंडर हॉक मॉथ म्हणतात. तिन्हीसांजेला तो जाईजुईच्या फुलांसमोर हवेत एका जागी थबकून लांबलचक सोंडेने मध पितो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना तो पक्षीच वाटलेला असतो.

आता आपल्या कंत्राटाकडे पाहा. फवारणीतून अळी वाचली, माळ्याच्या हातून वाचली, तर खाली उतरल्यावर तिला लपायला पालाच नसतो, कारण तो सकाळी झाडून नेलेला असतो. आणि असल्यास त्यातला कोष पाल्याबरोबर कचरागाडीत जातो. तगर बिचारी अळीने खाल्लेली पानं पुढच्या पावसात पुन्हा फोडते. अळ्यांमुळे मेलेली तगर मी आजवर पाहिलेली नाही.

मुद्दा एका पतंगाचा नाही. चिमणी दाणे खाते असं आपण म्हणतो, पण घरट्यातल्या कोवळ्या पिल्लाला ती पहिल्या दिवसांत किडे आणि अळ्याच भरवते. शिंपी, बुलबुल, चिरक, दयाळ, सातभाई, सगळ्यांचं तसंच. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि बारीक किडे वेचत फिरतो. चिमण्या कमी झाल्या म्हणून आपण गॅलरीत लाकडी घरटी टांगतो, ताटलीत बाजरी ठेवतो, आणि त्याच आवारात पिल्लांचा घास फवारून मारतो. सभासदांना यातलं काही माहीत नसतं. त्यांना सांगणारं कुणीतरी हवं, आणि समितीने सांगितलं तर ते ऐकतात.

अळ्या कुठल्याही झाडावर वाढत नाहीत, हेही समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक फुलपाखरांची ठरलेली झाडं असतात. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी टपटप करते, पायांनीच पानाची चव घेते आणि आपल्या झाडाची खात्री झाली तरच अंडं घालते. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू लागतो. प्लेन टायगरला रुई. पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंटना बहावा आणि टाकळा. डॅनाइड एगफ्लाय नावाचं, काळ्या पंखांवर पांढरे गोल ठिपके असलेलं देखणं फुलपाखरू आपण भाजी करतो त्या घोळीवर अंडी घालतं. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, त्याच बांडगुळाची फळं फुलटोचा खातो. जुन्या आंब्यावर थोडं बांडगूळ असलं तर सगळंच ओरबाडून काढू नका, ते यासाठी. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, नीलवंत म्हणतात ते हेच. असा मान देणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, पपनसावरही. सोसायटीत पपनसाचं एक झाड लावायला कितीशी जागा लागते? कोनोकार्पसवर आणि पामवर मात्र यातलं जवळपास कुणीच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला दरवर्षी खुपते. गणपतीच्या आदल्या दिवशी आपण बाजारात जाऊन पत्री विकत घेतो. त्या जुडीत आघाडा असतो, माका असतो, दूर्वा असतात, रुई, शमी, बेल, धोत्रा, डोरली. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालतो. कित्येक घरांत तेरड्याची गौर बसते. दसऱ्याला आपटा लागतो, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार लागतो. यातल्या कितीतरी वनस्पती जुलै महिन्यात आपल्याच कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेल्या असतात आणि त्यांच्यावर आपण तणनाशक मारतो. मग तीच पानं टेकड्यांवरून आणि खेड्यांतून ओरबाडून शहरात आणली जातात आणि आपण पैसे मोजून ती घरी नेतो. आपट्याच्या फांद्या दसऱ्याला कशा तोडल्या जातात ते वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या आवारात एक आपटा, एक बेल, एक शमी आणि पावसाळ्यात आघाडा-माक्याला मोकळा पट्टा असेल तर पत्री अंगणातली होईल. मुलांना एकवीस पानं ओळखता येतील, हा त्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा.

शोभेसाठी आणलेलं झाड कुंपणाच्या आतच राहील याची खात्री नसते. घाणेरी हे त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतलं सुंदर झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली, आणि आज देशभरच्या जंगलांत तिच्या जाळीखाली दुसरं काही उगवत नाही. तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात हे खरं, पण मध मिळाला तरी अंडी घालायला त्यांना आपापलं झाडच लागतं. पुण्याच्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून एके काळी गिरिपुष्प लावलं गेलं. ते आता वेताळ टेकडीवर आणि इतरत्र इतकं पसरलं आहे की देशी झाडांची लागवड करणाऱ्या मंडळींना आधी त्याच्याशीच झगडावं लागतं. कोनोकार्पसच्या लागवडीवर तर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे तो अजून नर्सऱ्यांमधून रांगेने विकला जातो आणि भिंतीलगत लावला जातो. निदान नवीन लावणं तरी आपण आजपासून थांबवूया.

इथे एक गैरसमज होऊ नये. परदेशी झाड म्हणजे शत्रू, असं मी म्हणत नाही. मिरची, पेरू, सीताफळ, देवळाबाहेरचा चाफा, हे सगळे परदेशातून आलेले आणि आपलेसे झालेले आहेत. उभा गुलमोहर किंवा रेन ट्री तोडा असं तर मुळीच नाही. त्यांच्या सावलीत माणसं बसतात, फांद्यांवर पाखरं घरटी करतात. शहरातल्या झाडांना १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचं संरक्षण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं आहे. आहे ते राहू द्या. वाळलेलं, वादळात पडलेलं झाड बदलताना आणि मोकळी जागा भरताना काय लावायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

देशी म्हटल्यावर नर्सरीवाला जे देईल तेही डोळे मिटून घेऊ नका. सीताअशोक सुंदर आहे, पण तो ओल्या, सावलीच्या जंगलातला. पुण्यात त्याला बारमाही पाणी घालावं लागतं. आपला प्रदेश सह्याद्रीच्या पूर्वेचा, वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पावसाचा, उन्हाळ्यात पानं गाळून उभ्या राहणाऱ्या झाडांचा. पहिली दोन-तीन वर्षं आळ्यात पाणी मिळालं की ही झाडं पुढे टँकरची वाट पाहत नाहीत, आणि दर उन्हाळ्यात टँकरवर किती पैसे जातात ते खजिनदारांना मी सांगायला नको. मोकळी जमीन असेल तर बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, कांचन, करंज, वारस, भोकर, शिवण, कडुनिंब यांतून निवडा. ताम्हण आपलं राज्य फूल आहे, जिथे थोडं पाणी मुरतं तिथे ते लावता येईल. काटेसावर आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून लाल फुलांनी भरतात, तेव्हा मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्यांचे थवे परतीच्या वाटेला लागण्याआधी त्यांवर उतरतात. सकाळी त्या झाडाखाली उभं राहिलं तर माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, इतका कलकलाट असतो. मात्र एकाच जातीची लांबलचक रांग लावू नका. मग ते झाड कितीही देशी असो, एक महिना मेजवानी आणि अकरा महिने उपास अशी गत होते.

वड, पिंपळ, उंबर यांना भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब, भरपूर मोकळी जागा लागते. ती फार थोड्या सोसायट्यांकडे असते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक उंबर जरूर लावावा. वेगवेगळे उंबर वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे इतर काही नसतं तेव्हाही पाखरांना खायला मिळतं. तांबट, कोकीळ, बुलबुल, वटवाघळं आणि आपला राज्यपक्षी हरियाल, सगळे त्यावर येतात.

नव्या इमारतींमध्ये खरी जमीन उरलेलीच नसते. बाग पोडियमवर, स्लॅबवर, दीड-दोन फूट मातीत असते. तिथे मोठ्या झाडांचा हट्ट करू नका, झुडपं लावा. पिवळी कोरांटी, अडुळसा आणि निर्गुडी यांच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला खोचल्या तरी फुटतात. अडुळसा आणि निर्गुडी कापणी सोसतात, म्हणजे डुरांट्याच्या जागी हेज म्हणूनही चालतात. अडुळशाची पांढरी फुलं थंडीत येतात आणि त्यावर काळे भुंगे दिवसभर असतात. धायटी, कुडा, मुरुडशेंग ही पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवरची. धायटीच्या लालभडक फुलांवर उन्हाळ्याच्या तोंडाला शिंजिरांची भांडणं चालतात. कुंपणाला करवंदाची जाळी लावली तर काट्यांमुळे माणूस आत येत नाही, पाखरांना घरटं करायला सुरक्षित जागा मिळते आणि मे महिन्यात मुलांना करवंदं मिळतात.

सभेत कोणते आक्षेप येतील त्याची मला कल्पना आहे, कारण ते आमच्याकडे आले आहेत. पहिला सापाचा. ही भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नका. साप बहुतेक वेळा उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. म्हणून आधी कचऱ्याची जागा बंदिस्त करा. देशी पट्टा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब, मागच्या भिंतीलगत ठेवा. त्याच्या आणि वाटेच्या मध्ये हातभर रुंदीची जागा स्वच्छ राखा, वाटेवर दिवा ठेवा आणि सर्पमित्रांचा नंबर गेटवर लावा. दुसरा आक्षेप डासांचा. डेंग्यूचा डास पाल्यात वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत, झाकण नसलेल्या टाकीत. पाखरांसाठी पाणी ठेवलं तर तेही दर दोन दिवसांनी बदला. धूरफवारणीने डासांबरोबर मधमाश्या, चतुर आणि फुलपाखरंही मरतात, त्यामुळे ती आरोग्य विभागाने सांगितल्याशिवाय करू नका. गाड्यांवर फुलं-फळं पडतात, हा तिसरा आक्षेप. त्यावर उपाय सोपा आहे: फळझाड पार्किंगपासून लांब लावा.

पाल्याबद्दल थोडं अधिक सांगते. वाटा आणि जिने रोज झाडावेत, त्याबद्दल वाद नाही. पण झाडाखालचा पाला झाडाखालीच राहू द्या. उरलेला बागेच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाका, वर्षभरात खत तयार होईल आणि युरियाची पोती आणावी लागणार नाहीत. उघड्यावर जाळायला तर बंदीच आहे. तसंच झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक नेऊ नका. मुळांना पाणी हवं असतं आणि जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एकट्या-दुकट्या मधमाश्यांना उघडी मातीच लागते.

छाटणी हा पुढचा विषय, आणि तो तातडीचा आहे. पावसाआधी म्हणून मे महिन्यात सरसकट सगळ्या झाडांच्या फांद्या उतरवल्या जातात. नेमकी तीच कावळ्यांच्या, बुलबुलांच्या आणि कितीतरी पाखरांच्या विणीची वेळ. फांदीबरोबर घरटं खाली येतं आणि पिल्लं डांबरावर पडतात. धोकादायक फांदी काढायलाच हवी, त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण नेहमीची छाटणी हिवाळ्यात, परवानगी घेऊन करता येते. मे महिन्यात फांदी कापावीच लागली तर कापण्याआधी कुणीतरी खाली उभं राहून दहा मिनिटं वर पाहावं. आणि वठलेली फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल अशा जागी असेल तर राहू द्या. तांबट आपलं गोल भोक अशाच मऊ, वाळक्या लाकडात कोरतो.

कंत्राटाबद्दल माझी मागणी अशी. तणनाशक पूर्णपणे वगळा. ठरावीक दिवसांची फवारणी काढून टाका, एखाद्या झाडावर खरोखरच मोठा रोग आला तर समितीला विचारून तेवढ्याच झाडापुरता उपाय करावा, असं लिहा. मागच्या भिंतीलगतचा एक पट्टा ‘झाडणे, खुरपणे, कापणे नाही’ असा नकाशावर दाखवा आणि तिथे एक पाटी लावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दुर्लक्ष वाटणार नाही. गाजर गवत तेवढं तिथूनही फुलण्याआधी उपटावं, हातमोजे घालून. पुण्यात त्याची नोंद १९५० च्या दशकातली आहे आणि आजही त्याने सर्दी-खोकला आणि त्वचेच्या तक्रारी होतात, त्यामुळे त्याला माफी नाही.

आणि हे सगळं ठरवताना माळीकाका-मावशींना बैठकीत बोलवा. आपल्याकडे बागेत काम करणारी पुष्कळ माणसं मुळशी, भोर, वेल्हे किंवा मराठवाड्याकडून आलेली असतात. भारंगी, कुर्डू, टाकळा, दिंडा, कुठलं कधी उगवतं आणि काय खाता येतं हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. आपण त्यांना फक्त ‘साफ करा’ एवढंच सांगत आलो. आमच्या बागेतल्या मावशींनी मला कुंपणाकडेची चार झाडं नावानिशी दाखवली, जी मी रोज ओलांडून जात होते. एक वर्ष त्यांना त्या पट्ट्याची जबाबदारी द्या, त्याचे वेगळे पैसे द्या.

वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहू नका. ती सप्टेंबरअखेरपर्यंत कधीतरी होते आणि तोपर्यंत लावणीचा हंगाम निघून जातो. हे काम समितीच्या मे महिन्याच्या बैठकीत, साध्या ठरावाने होण्यासारखं आहे. खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. रोपं वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये स्वस्तात मिळतात, मात्र जून उजाडला की चांगली रोपं संपतात, म्हणून मागणी आधी नोंदवा. कोरांटी, अडुळसा आणि निर्गुडीच्या फांद्यांना तर पैसेही लागत नाहीत, शेजारच्या सोसायटीत असतील तर पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर मागून आणा. आमच्याकडे आहेत, आणि येईल त्याला आम्ही त्या देऊ.

आपली,
सोसायटीची एक सभासद, पुणे